मुंडल्यांच्या हॉलमधला आवाज

मी पाईप बोलतोय. फिशटँकच्या पोटातून खाली उतरणारा, दीड इंची, पांढरा पीव्हीसी पाईप. ऐकायचं असेल तर ऐका, नसेल तर उठून जा. माझ्या आवाजावरून भोपाळच्या एका टाउनशिपमध्ये दोन घरं वर्षानुवर्षं भांडली, आणि त्यातल्या एकालाही मला काय म्हणायचंय असं विचारावंसं वाटलं नाही. तेव्हा तुमच्याशी गोड बोलायचं मला काही कारण नाही.

माझा जन्म मंडीदीपचा. गरम साच्यातून मी लांबलचक बाहेर आलो, थंड पाण्यात बुडवला गेलो आणि भावंडांच्या गठ्ठ्यात बांधला गेलो. टेम्पोतून जवाहर चौकात आलो, हनीफभाईंच्या प्लंबिंगच्या दुकानात कोपऱ्यात उभा राहिलो. माझी भावंडं एकेक करून लोकांच्या न्हाणीघरांत आणि गच्च्यांवर गेली. साधं, सरळ काम. पाणी आलं, पाणी गेलं. माझ्या नशिबी नीळकंठ मुंडले आला.

त्याला मी अहोजाहो करणार नाही, आधीच सांगतो.

मुंडले बरखेड्याच्या बाजूच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. मूळचा नागपूरचा. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचा. दुकानात आला तेव्हा हातात त्याने स्वतः काढलेलं चित्र होतं. वर माशांची मोठी टाकी, खाली स्टँडमध्ये पाण्याची दुसरी टाकी. वरचं पाणी काठावरून कोपऱ्यातल्या पेटीत पडणार, तिथून पाईपने खाली येणार आणि खालचा पंप ते पुन्हा वर ढकलणार.

हनीफभाईंनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "साहब, एक वॉल्व भी ले लो. नहीं तो पानी के साथ हवा जाएगी. दिनभर गड़गड़ करेगा."

"करने दो," मुंडले म्हणाला.

"घर में सोना मुश्किल हो जाएगा, साहब."

"वो मैं देख लूँगा. तुम पाईप काटो."

हनीफभाईंनी मला कापलं. त्या क्षणापासून मला हा माणूस आवडला नाही.

त्याचं क्वार्टर जोडघर होतं. मधे एकच भिंत, तीही पातळ. इकडे मुंडले आणि त्याची बायको शशिकला, पलीकडे विश्वास खानझोडे आणि त्याची बायको विमल. खानझोडेही त्याच कारखान्यात, त्याच खात्यात, तोही विदर्भातलाच. माझ्या येण्याआधी या दोन घरांचं म्हणे फार जमायचं. विमलच्या कुकरची शिट्टी झाली की शशिकला इकडून भिंतीवर टकटक करून विचारायची, "वहिनी, वरण का?" आणि तिकडून उत्तर यायचं. मग खात्यातली बढती खानझोडेला मिळाली. मुंडलेला नाही. टाउनशिपच्या गणपतीत दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसायला लागले आणि भिंतीवरची टकटक बंद झाली.

त्याच सुमाराला मुंडलेने टाकी आणली आणि बरोब्बर त्या भिंतीला लावली.

पंप पहिल्यांदा सुरू झाला तो दिवस मला आठवतो. पाणी पेटीत पडलं आणि माझ्या गळ्यात घुसलं, पण एकटं नाही. बरोबर हवेचे गोळेच्या गोळे ओढत आलं. पाणी खाली जायला बघतंय, हवा वर यायला बघतेय, आणि दोघांची झोंबाझोंबी माझ्या पोटात. घुडघुड, घर्र, सुर्र, मग क्षणभर शांतता, की पुन्हा घुडघुड. काच थरथरायची. स्टँडची दारं वाजायची. मला उलटी यावी तसं होई आणि ती कधी थांबतच नसे.

शशिकलाने कानांवर हात ठेवले. "अहो, हे असंच राहणार?"

"सवय होईल," मुंडले म्हणाला. मासे बघत तो सोफ्यावर बसला. सोनेरी मासे होते, आवाजाला बिचकून एका कोपऱ्यात गोळा झालेले.

पलीकडच्या विमलला अर्धशिशीचा त्रास होता. भिंतीच्या त्या बाजूला तिचा पलंग. दुसऱ्याच दिवशी खानझोडे दारात आला.

"मुंडले, तुमच्या त्या मोटारीचा आवाज आमच्या डोक्यात घुमतोय. हिला पडून राहता येत नाही."

"मोटारीचा नाही, पाण्याचा आहे."

"कशाचा का असेना, बंद करा."

"माझ्या घरात काय चालवायचं ते मी ठरवणार. हुकूम खात्यात चालवा, साहेब. इथे नाही."

"तुम्ही मुद्दाम करताय."

"सिद्ध करा."

दार आपटलं. त्यानंतर भिंतीवर थापा सुरू झाल्या. पूर्वीची टकटक नव्हे, बुक्के. पलीकडून बुक्का आला की मुंडले उठायचा आणि पंपाचा नळ आणखी उघडायचा. पाणी जास्त आलं की मी जास्त बोंबलायचो. खानझोडेने वसाहतीच्या ऑफिसात तक्रार केली. तिथून एक माणूस आला, चहा प्यायला, माशांचं कौतुक केलं आणि गेला. मग खानझोडेने पलीकडे मोठ्याने रेडिओ लावला. मग मुंडलेने त्यांच्या पेरूच्या इकडे झुकलेल्या फांद्या तोडल्या. भाजीवाल्याच्या गाडीपाशी दोन्ही बायका एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या, असं शशिकला एकदा स्वतःशीच पुटपुटताना मी ऐकलं.

सगळ्या टाउनशिपची समजूत अशी की मुंडले खानझोडेचा सूड घेतोय. माझीही तीच समजूत होती. माझ्या पोटात दिवसरात्र हवा कोंबून एक माणूस दुसऱ्याचं डोकं उठवतोय, एवढंच मला दिसत होतं. दोघांचाही मला सारखाच राग यायचा.

पण मी हॉलमध्येच होतो, आणि हॉलमध्ये आणखी एक गोष्ट रोज घडत होती.

मुंडले कारखान्यातून आला की आधी पंप बघायचा. मी जोरात वाजतोय याची खात्री करायचा. मग सोफ्यावर बसायचा आणि शशिकलाशी बोलायचा. ओरडायचा नाही. भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात, कधी कधी हसत. "आज आमटी कोणी केली? तूच ना? तरीच." "तुझी बी.एस्सी. या घरात केर काढायच्या कामाची." "माहेरी जाऊन बघ एकदा. भाऊ दार उघडतो का बघ." "लोक विचारतात, बायकोला का आणत नाही? काय सांगू त्यांना, तोंड बघवत नाही म्हणून?"

ती ताट वाढायची, पाणी ठेवायची. हात हलत राहायचे. चेहरा असा की भिंतीवर टांगलेला असावा.

हे रोज. एखादा माणूस जेवल्यावर सुपारी खातो तसं. बाहेर मुंडलेची ख्याती हसतमुख माणूस अशी होती. कोणाच्या घरी लग्नकार्य असलं की हा सगळ्यात आधी हजर.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. वीज गेली की पंप थांबायचा, मी गप्प व्हायचो, आणि माझ्याबरोबर मुंडलेही गप्प व्हायचा. वाक्य अर्ध्यात तोडून. वीज आली, मी गुरगुरायला लागलो, की वाक्य जिथे तोडलं होतं तिथून पुढे.

तेव्हा मला कळलं मी कशासाठी वाजतोय. पलीकडच्या विमलचं डोकं दुखावं हा त्याचा वरचा फायदा होता. खरं काम वेगळं होतं. पातळ भिंतीमागे ऐकू जाऊ नये म्हणून त्याने मला लावलं होतं. टाउनशिपला सूड दिसावा आणि त्यामागचं काही दिसू नये. हुशार माणूस. कारखान्यात त्याला बढती का मिळाली नाही देव जाणे.

एका रविवारी दुपारी तो फसला. जेवणं चालली होती, मी वाजत होतो, तो रंगात आला होता. वीज गेली. मी एकदम थांबलो. त्याची जीभ थांबली नाही.

"...तुझ्यासमोर बसून घास गिळतो ना, हेच उपकार समज."

शेवटचे शब्द त्या शांततेत स्वच्छ पडले. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता तो बंद झाला. मुंडलेने भिंतीकडे बघितलं, मग ताटाकडे, आणि मुकाट्याने जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर बेल वाजली. दारात विमल. शशिकला वाट अडवून उभी राहिली.

"आवाजाबद्दल बोलायचं असेल तर यांच्याशी बोला," शशिकला म्हणाली.

"भांडायला नाही आले, शशीवहिनी. आत येऊ?"

आत येऊन ती बसली नाही. माझ्या घुडघुडीमुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं आणि जे बोलायचं होतं ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

"काल आम्ही ऐकलं."

"काय ऐकलं?"

"ते घास गिळण्याचं."

शशिकलाने पदर सारखा केला. "त्यांना कामाचा ताण असतो."

"रोज असतो?"

"तुम्ही दुसऱ्याच्या भिंतीला कान लावता का?"

"कान कसले लावतोय! इतकी वर्षं या मेल्या पाण्याशिवाय दुसरं काही ऐकू आलंय का आम्हाला? काल वीज गेली म्हणून..." विमल बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मग शशिकलाही बघू लागली.

"तुम्ही जा आता," शशिकला शेवटी म्हणाली. रागानेच म्हणाली.

विमल गेली. शशिकला खाली बसली, स्टँडची दारं उघडली आणि टाकीचा तळ खालून न्याहाळू लागली. इतक्या दिवसांत तिने तिथे कधी हात घातला नव्हता. माझ्या शेजारी टाकीला आणखी एक भोक होतं, झाकण घट्ट बसवून बंद केलेलं. टाकी बनवतानाच पाडून घेतलेलं. तिने त्या झाकणावरून बोट फिरवलं. बी.एस्सी. केर काढण्यापुरतीच नव्हती.

काही दिवसांनी तो सकाळच्या पाळीला गेला आणि ती बसने जवाहर चौकात जाऊन आली. पिशवीतून तिने पितळी वॉल्व काढला, पाईपचा एक लांब तुकडा, सांधे चिकटवायच्या सोल्युशनची डबी आणि करवतीचं पातं. मग भिंतीवर टकटक केली. कित्येक वर्षांनी.

विमल आली. या वेळी तिला दार उघडंच होतं.

"बॅटरी धराल?"

"मुंडले भाऊजींना कळलं तर?"

"कळेलच की. लपवायचं नाहीये."

पंप बंद झाला. बादली ठेवली. करवत माझ्या पोटावर फिरली. दुखलं असं सांगितलं तर तुम्ही हसाल, म्हणून सांगत नाही. तिने माझ्या दोन तुकड्यांमध्ये वॉल्व बसवला. शेजारचं झाकण पिळून काढलं आणि तिथे नवा पाईप उभा केला, माझ्यापेक्षा उंच.

"हा कशाला दुसरा?" विमलने विचारलं.

"जुन्यातून आता फक्त पाणी जाणार, हवा नाही. वॉल्वने त्याचं तोंड इतकं आवळायचं की तो काठोकाठ भरलेला राहील. पण भरलेल्या पाईपात एखादं पान अडकलं तर पाणी घरभर होईल. तेव्हा हा उंचवाला ते उचलेल. नेहमी याच्यातून नुसती धार गळेल."

"हे भाऊजींना माहीत नव्हतं?"

शशिकलाने हातातलं झाकण तिच्यापुढे धरलं. "भोक त्यांनीच पाडून घेतलंय, वहिनी. आणि बुजवलंयसुद्धा त्यांनीच."

सांधे सुकायला दुपार झाली. मग पंप लावला. पहिल्यांदा मी नेहमीसारखाच बोंबललो. ती वॉल्व फिरवू लागली, थोडा, आणखी थोडा. पाणी माझ्यात चढायला लागलं. हवेचे गोळे वर पळाले. घुडघुडीची घुरघुर झाली, घुरघुरीची सळसळ. आणि मग काही नाही. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो, पाणी माझ्यातून जात होतं आणि मला त्याचा त्रास होत नव्हता. जन्मल्यापासून पहिल्यांदा. तिचे आभार मात्र मी मानले नाहीत. ती ते माझ्यासाठी करत नव्हती.

छताचा पंखा ऐकू आला. रस्त्यावरून जाणारी सायकल ऐकू आली. विमल पलीकडे गेली आणि शशिकला भिंतीजवळ उभी राहून साध्या आवाजात म्हणाली, "वहिनी, ऐकू येतंय?"

"येतंय," भिंत म्हणाली.

संध्याकाळी मुंडले आला. उंबऱ्यातच थांबला. त्याने आधी छताच्या पंख्याकडे बघितलं. वीज होती. मासे टाकीभर फिरत होते, पाणी वाहत होतं.

"हे काय?"

"आवाज बंद केला."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

तो खाली वाकला, वॉल्व बघितला, शेजारचा उंच पाईप बघितला. उठला तेव्हा चेहऱ्यावर ते हसू होतं. जुनी सवय शांततेपेक्षा मोठी असते. तो त्या नेहमीच्या आवाजात बोलू लागला.

"वा. आता प्लंबर पण झालीस. नाहीतरी तुझी लायकी तेवढीच. तुझ्या बापाने तुला माझ्या गळ्यात मारली तेव्हा..."

"मुंडले," भिंतीपलीकडून खानझोडेचा आवाज आला. जोरात नाही. "ऐकू येतंय."

मुंडलेचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आता काही नव्हतं. तो वाकला आणि त्याने वॉल्व पूर्ण उघडला. माझ्या पोटात हवा घुसली, मी पुन्हा घुडघुडू लागलो. शशिकला त्याच्या शेजारी वाकली आणि तिने वॉल्व आवळला. आवाज गेला. त्याने उघडला. तिने आवळला. दोघांचे हात एकमेकांना लागत होते आणि दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. पुन्हा त्याने हात पुढे केला, पण वॉल्वपर्यंत नेला नाही. उठून आतल्या खोलीत निघून गेला.

आता सगळं सुधारलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. माणसांना तसं वाटायला आवडतं. काही सुधारलं नाही. घरात तो बोलेनासा झाला एवढंच. "मीठ", "चावी", "दार लाव." टीव्ही मोठा करायचा, ती येऊन लहान करायची. कधी कधी तिला स्कूटरवरून बाहेर घेऊन जायचा आणि परत आल्यावर तिचा चेहरा पुन्हा तो, टांगलेला. स्कूटरवर काय होत असे मला माहीत नाही. अंदाज मात्र तुम्हीही करू शकता. खानझोडे आणि तो रस्त्यात समोरासमोर आले तर दोघंही थुंकल्यासारखी मान वळवायचे. खानझोडे काही संत नव्हता. मुंडलेची फजिती खात्यात चवीने सांगितल्याशिवाय तो राहिला नसणार.

मग एका संध्याकाळी मुंडले मिठाईचा पुडा घेऊन आला.

"बदली झाली. दुसऱ्या कारखान्यात. मीच मागून घेतली."

शशिकला पोळ्या लाटता लाटता तशीच बाहेर आली होती.

"तिथले क्वार्टर सुटे आहेत," तो म्हणाला. "बंगलेच म्हण. चारी बाजूंनी मोकळी जागा. शेजार नाही." मग हळू, माशांकडे बघत, "कुणाला काही ऐकू जायला भिंतच नाही."

लाटणं तिच्या हातात होतं. ते तिने टाकीच्या कडेवर ठेवलं.

"मी येणार नाही."

"काय?"

"मी येणार नाही," शशिकला भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "असं म्हटलं मी."

पलीकडे खुर्ची सरकली. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात खानझोडे आणि विमल.

"तुमच्याशी बोलायची मला इच्छा नाही, मुंडले," खानझोडे म्हणाला. "वहिनींना न्यायला आलोय."

"माझ्या बायकोला फितवता? पोलिसांत जाईन."

"जा. आम्ही पण येतो. काय काय ऐकलंय ते सांगायला."

"मला कुणी फितवलं नाही," शशिकला म्हणाली. शब्द सुटे सुटे होते. "दुसरं भोक पाडून त्याच्यावर झाकण लावलंत, ते बघितलं त्या दिवशीच मी निघाले. आज फक्त चप्पल घालतेय."

तिने खरंच चप्पल घातली. विमल आत येऊन तिचे कपडे एका पिशवीत भरू लागली. मुंडले सोफ्यावर बसून होता. दारातून जाताना शशिकला मागे वळली, स्वयंपाकघरातून स्टीलचा मोठा डबा आणला, जाळीने मासे एकेक करून त्यात काढले आणि डबा छातीशी धरून गेली.

तिला पुढे शिवाजी नगरच्या बाजूला एका शाळेत प्रयोगशाळेत काम मिळालं आणि तिथेच एक खोली. विमल जाऊन येते. मासे खोलीतल्या साध्या काचेच्या हंडीत आहेत, त्यांना पाईपबिईप काही नाही, असं विमल सांगत होती. बरं झालं.

मुंडले जाईपर्यंत काही आठवडे त्या घरात एकटा होता. आणि मला आजही चीड येते ते याची. ती गेली त्या संध्याकाळी त्याने वॉल्व पूर्ण उघडला. टाकीत मासे नाहीत, घरात ती नाही, आणि मी दिवसभर घर्र घर्र वाजतोय. तो समोर सोफ्यावर बसायचा. तोंड उघडायचा नाही. त्याला वाटत असावं पलीकडून बुक्के येतील, भांडण होईल, काहीतरी होईल. विमलच्या डोक्याचं काय होत होतं ते तिलाच ठाऊक. पण भिंतीवर एक थाप पडली नाही. त्यांनी त्याला तेवढंही दिलं नाही.

ट्रक आला त्या दिवशी त्याने मला मुळापासून ओढून काढलं. गळ्याशी मला तडा गेला. मागच्या दारातून त्याने मला गल्लीत भिरकावलं आणि त्यानंतर त्याला मी पाहिलेलं नाही. पाहायचंही नाही.

विमलने मला उचललं. मी आता तिच्या मागच्या अंगणात आडवा पडलेलो आहे. तिच्या मोरीचं पाणी माझ्यातून केळीच्या आळ्यात जातं. तडा गेलाय तिथून थोडं गळतं. उन्हाने पिवळा पडलोय, ठिसूळ झालोय, पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक फुटेन. फुटलो की फेकून द्या, रडारड नको.

जाण्याआधी तुम्हाला एकच सांगतो, आणि विनंती म्हणून नाही. तुमच्या शेजारी एखादं घर असेल, जिथे काहीतरी कायम मोठ्याने चालू असतं. टीव्ही, पंप, भजनं, काहीही. तुम्ही त्याला शिव्या देता, भिंतीवर बुक्के मारता आणि कानात कापूस घालून झोपता. पुढच्या वेळी बुक्का मारू नका. बेल वाजवा. दार उघडेल त्या बाईच्या चेहऱ्याकडे नीट बघा, आणि ती "तुम्ही जा आता" म्हणाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.